रेडिओ वारंवारतांची पाहणी आणि चालू सिग्नलांची भरवशाची नोंद

एखाद्या पट्ट्यात कोणकोणत्या वारंवारतांवर प्रक्षेपण चालू आहे, ते केव्हा सुरू होते, किती वेळ टिकते आणि किती ताकदीने आपल्यापर्यंत पोहोचते, याची पद्धतशीर नोंद ठेवणे हे पूर्वी महागड्या स्पेक्ट्रम ॲनालायझरचे (कोणत्या वारंवारतेवर किती ताकद आहे हे दाखवणाऱ्या यंत्राचे) काम होते. २०१२ मध्ये हे चित्र बदलले. डिजिटल टीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या, रियलटेकच्या आरटीएल२८३२यू चिपवर चालणाऱ्या यूएसबी डोंगलमधून रेडिओचे कच्चे नमुने थेट संगणकात घेता येतात, हे तेव्हा उघड झाले आणि 'आरटीएल-एसडीआर' या नावाने ओळखला जाणारा स्वस्त रिसीव्हर हौशी लोकांच्या हाती आला. आज हा डोंगल, एक साधा ॲंटेना आणि जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक एवढ्यावर हे काम करता येते. यंत्रणा उभी करणे अवघड नाही. अवघड आहे ती नोंद भरवशाची ठेवणे. 'या वारंवारतेवर अमुक वेळी सिग्नल नव्हता' असे विधान करण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा आपण त्या वेळी तिथे किती काळ, किती बारकाईने आणि कोणत्या उंबरठ्याने (किती पातळीच्या वरचा सिग्नल धरायचा या मर्यादेने) पाहत होतो हे सांगता येते. पुढचे सगळे विवेचन याच एका मुद्द्याभोवती आहे.

कायद्याची चौकट

हात घालण्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. भारतात बिनतारी उपकरणांचे नियमन दीर्घकाळ १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या आधारे होत आले. त्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला असून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडणे हा या कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. म्हणून या मार्गदर्शिकेतील पद्धत मुद्दामच सिग्नलच्या अस्तित्वापुरती ठेवली आहे: वारंवारता, रुंदी, पातळी आणि वेळ. पोलीस, संरक्षण दले, विमानतळ किंवा खासगी वॉकीटॉकी यांवरील संभाषण ऐकणे, ध्वनिमुद्रित करणे किंवा इतरांना सांगणे या कामात बसत नाही आणि बसवूही नये. ज्यांना या विषयात खोलवर जायचे आहे त्यांनी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. परवान्याने प्रक्षेपणाचा हक्क मिळतोच, शिवाय परीक्षेच्या अभ्यासातून वारंवारतांचे वाटप, मॉड्युलेशन (सिग्नलवर माहिती चढवण्याची रीत) आणि ॲंटेना यांची जी जाण येते ती पाहणीच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडते.

सुरुवातीला जे पट्टे निवडावेत ते असे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा एफएमचा सार्वजनिक प्रसारणाचा पट्टा सरावाला सर्वोत्तम, कारण तिथे काय दिसायला हवे हे आधीच माहीत असते. १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे भारतातील हौशी रेडिओचे पट्टे आहेत. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे कमी शक्तीच्या, परवानामुक्त उपकरणांचे पट्टे असून गाड्यांचे रिमोट, बिनतारी डोअरबेल, तापमानाचे सेन्सर आणि स्मार्ट मीटरसारखी उपकरणे तिथे सापडतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे हौशी प्रक्षेपण १४५.८०० मेगाहर्ट्झवर येते आणि स्थानक डोक्यावरून जाताना डॉप्लर परिणामामुळे (स्रोत जवळ येताना वारंवारता वर, दूर जाताना खाली सरकल्यासारखी दिसते त्यामुळे) ते साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर-खाली सरकते. ही सरक नोंदीत स्पष्ट दिसू लागली की आपली यंत्रणा बरी चालली आहे असे समजावे.

यंत्रसामग्री

आर८२०टी२ ट्यूनर (हवी ती वारंवारता निवडणारी चिप) असलेला डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ एवढा पल्ला हाताळतो. एका वेळी तो विश्वासाने सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीची खिडकी पाहू शकतो आणि त्याचे नमुने ८ बिटांचे असतात. या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्यांतूनच निघतात. तापमान-भरपाई असलेला क्रिस्टल (डोंगलला वारंवारतेचा आधार देणारा स्फटिक), म्हणजे टीसीएक्सओ, आणि धातूचे आवरण असलेला डोंगल घ्यावा. थोडे जास्त पैसे पडतात, पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या नोंदीसाठी ते सार्थकी लागतात.

पाव तरंगलांबीचा उभा ॲंटेना घरी करता येतो. ७५ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की मीटरमध्ये लांबी मिळते आणि प्रत्यक्षात ती सुमारे पाच टक्क्यांनी कमी ठेवावी लागते: १४५ मेगाहर्ट्झसाठी साधारण ४९ सेंटिमीटर, ४३४ साठी साडेसोळा आणि ८६६ साठी सव्वाआठ. ॲंटेना गच्चीवर किंवा निदान खिडकीबाहेर असावा, आणि डोंगल लॅपटॉपला थेट न खोचता यूएसबीच्या एक्स्टेन्शन केबलने दूर ठेवावा. घरातील एलईडी दिवे, स्वस्त मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर आणि सेट-टॉप बॉक्स हे सगळे रेडिओ गोंगाट ओकतात. एकेक उपकरण बंद करून वॉटरफॉलमध्ये (वेळेबरोबर सरकणाऱ्या वारंवारतांच्या चित्रात) काय फरक पडतो हे पाहण्यात घालवलेला तासभर नंतरच्या अनेक खोट्या नोंदी वाचवतो.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे पावसाची. गच्चीवरील कनेक्टरमध्ये पाणी शिरले की सिग्नल एकदम जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्याच वारंवारतांची पातळी हळूहळू खाली येते आणि नोंदीत ते 'प्रक्षेपणे कमी झाली' असे दिसते. जोडांवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप घट्ट गुंडाळावी, केबलला घरात शिरण्याआधी खाली झोळ द्यावा आणि वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू होताच ॲंटेना काढून ठेवावा.

संगणकावर विंडोज असेल तर झॅडिग या साधनाने योग्य ड्रायव्हर बसवावा लागतो. लिनक्समध्ये डोंगलला टीव्ही ट्यूनर समजून ताब्यात घेणारे कर्नल मॉड्यूल बंद करावे लागते. एवढे झाले की एसडीआर-शार्प, जीक्यूआरएक्स किंवा एसडीआर-प्लस-प्लस यांपैकी एखाद्या प्रोग्रामने एफएमचे स्थानिक केंद्र लागते का ते पाहावे.

आधी स्वतःच्या रिसीव्हरची ओळख

पाहणीला बसण्याआधी रिसीव्हर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून तापू द्यावा आणि मग त्याच्या वारंवारतेतील चूक मोजावी. साध्या क्रिस्टलमध्ये दशलक्षात ५० भाग इतकी चूक असणे नवलाचे नाही. ४३३.९२ मेगाहर्ट्झवर ती २१.७ किलोहर्ट्झ भरते, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झच्या जवळजवळ दोन चॅनेलांइतकी. अशा डोंगलवर केलेली वही पहिल्या पानापासून चुकीच्या वारंवारतांची वही असते. जीएसएम मोबाइल टॉवरच्या अचूक वारंवारतेशी तुलना करणारा कॅलिब्रेट हा प्रोग्राम ही चूक काढून देतो. तो आकडा पुढच्या प्रत्येक पाहणीत दुरुस्ती म्हणून द्यावा आणि वहीतही लिहावा.

दुसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. ॲंटेना काढून त्या जागी ५० ओहमचे टर्मिनेटर (बाहेरचा सिग्नल आत न येऊ देणारे टोपण) लावावे आणि ज्या पट्ट्याची पाहणी करायची आहे त्याची त्याच सेटिंगवर तासभर नोंद घ्यावी. या नोंदीत जे काही उभे राहील ते डोंगलच्या, केबलच्या किंवा संगणकाच्या पोटातले असते. डोंगलमधला क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा असतो, त्यामुळे त्याच्या पटींवर स्थिर, सुईसारख्या रेषा दिसतात. पाचवी पट बरोबर १४४.००० मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेमकी हौशी पट्ट्याच्या उंबऱ्यावर येते आणि पंधरावी पट ४३२.००० वर. चोवीस तास न हलता, न थांबता चालणारे '१४४.००० वरचे गूढ प्रक्षेपण' हा नवशिक्याच्या वहीत हमखास सापडणारा सिग्नल आहे. अशा सर्व वारंवारतांची एक वर्ज्य यादी करून ती प्रोग्रामला द्यावी.

तिसरी गोष्ट गेनची, म्हणजे रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो त्याची. स्वयंचलित गेन पाहणीत कधीही वापरू नये, कारण तो क्षणोक्षणी बदलतो आणि मग दोन वेळच्या पातळ्यांची तुलनाच करता येत नाही. एखादा कमजोर पण स्थिर सिग्नल समोर ठेवून गेन एकेक पायरीने वाढवत जावे. सिग्नल आणि गोंगाट यांतील फरक वाढायचा थांबला की एक पायरी मागे यावे आणि तिथेच तो कायम ठेवावा. गेन फार वाढवला की ८ बिटांचा रिसीव्हर जवळच्या बलवान केंद्रांनी भरून जातो आणि नसलेली केंद्रे दाखवू लागतो. पुण्या-मुंबईत ९१.१ आणि ९८.३ ही दोन्ही खासगी एफएम केंद्रे आहेत, ९८.३ ची दुप्पट करून त्यातून ९१.१ वजा केले की १०५.५ येते, आणि ओव्हरलोड झालेल्या डोंगलवर नेमक्या १०५.५ वर दोन्ही केंद्रांची सरमिसळ ऐकू येते. शंका आली की गेन तीन-चार डेसिबलने (डेसिबल हे शक्तीच्या गुणोत्तराचे माप) कमी करून पाहावे. खरा सिग्नल तेवढाच खाली येतो. असे भूत त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने खाली येते किंवा पार नाहीसे होते. शहरात राहणाऱ्यांनी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारे फिल्टर घ्यावेच.

पट्टा, कप्पा आणि वेळ

सलग नोंदीसाठी आरटीएल-पॉवर हा छोटा प्रोग्राम पुरेसा आहे. त्याला सुरुवातीची वारंवारता, शेवटची वारंवारता आणि कप्प्याची (पट्ट्याच्या ज्या छोट्या तुकड्यांत पातळी मोजायची त्या तुकड्याची) रुंदी असे तीन आकडे द्यायचे. त्याखेरीज किती सेकंदांची सरासरी काढायची, गेन किती, दुरुस्ती किती आणि एकूण किती वेळ चालायचे हे सांगायचे. तो प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, खालची व वरची वारंवारता, कप्प्याची रुंदी, नमुन्यांची संख्या आणि मग प्रत्येक कप्प्याची डेसिबलमधील पातळी लिहीत जातो. या पातळ्या सापेक्ष असतात. त्यांना डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली प्रत्यक्ष शक्ती) समजू नये.

कप्प्याची रुंदी अपेक्षित सिग्नलच्या रुंदीच्या निम्मी किंवा त्याहून कमी असावी. १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद एफएमसाठी ५ किलोहर्ट्झ, प्रसारणाच्या एफएमसाठी २५ किलोहर्ट्झ ठीक. पण खरा निर्णय वेळेचा असतो आणि तो आकडे मांडूनच घ्यावा. समजा, गोंगाटाच्या १५ डेसिबल वर येणारे एक प्रक्षेपण दहा सेकंदांच्या सरासरीत फक्त एक सेकंद चालू होते. १५ डेसिबल म्हणजे सुमारे ३१.६ पट शक्ती. तिचा दहावा भाग गोंगाटात मिळवला की सरासरी ४.१६ पट होते, म्हणजे ६ डेसिबलच्या किंचित वर. दिसेल, पण जेमतेम. तेच प्रक्षेपण दशांश सेकंदाचे असेल, जसे एखादा सेन्सर आपले मोजमाप पाठवून गप्प बसतो, तर सरासरी अवघी १.२ डेसिबल वर जाते आणि ते नोंदीतून पूर्ण निसटते. सिग्नल बलवान होता, रिसीव्हर चालू होता, तरी वही कोरी.

पट्टा २.४ मेगाहर्ट्झहून रुंद असला की नुकसान आणखी वाढते. २० मेगाहर्ट्झ पाहायचे तर डोंगलला सुमारे दहा उड्या माराव्या लागतात आणि कोणत्याही एका जागी तो जास्तीत जास्त दहा टक्के वेळ असतो. म्हणून माझा सल्ला असा की पाहणी दोन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरीत रुंद पट्टा, दहा सेकंदांची सरासरी आणि सलग काही दिवस. यातून कुठे वर्दळ आहे ते कळते. दुसऱ्या फेरीत वर्दळीची एकेक जागा घेऊन ती एकाच खिडकीत, उडी न मारता, एक सेकंदाच्या अंतराने पाहावी. क्षणिक प्रक्षेपणांसाठी सरासरीऐवजी कमाल पातळी धरून ठेवण्याचा पर्याय चालू करावा. मात्र तेव्हा गोंगाटाची कमालही वर सरकते, त्यामुळे उंबरठा नव्याने ठरवावा लागतो.

उंबरठा आणि घटना

चालू सिग्नल म्हणजे काय हे ठरवण्यासाठी आधी गोंगाटाची पातळी हवी. तिच्यासाठी सरासरी न घेता मध्यक घ्यावा, कारण दोन-चार बलवान प्रक्षेपणे सरासरीला वर ओढतात, मध्यकाला नाही. ज्या वारंवारता बहुतेक वेळ रिकाम्या असतात तिथे प्रत्येक कप्प्याचा स्वतःचा तासाभराचा मध्यक उत्तम चालतो. एफएम पट्ट्यात मात्र हीच रीत फसते: केंद्र दिवसभर चालू असल्यामुळे त्याचीच पातळी 'गोंगाट' ठरते आणि सर्वांत मोठा सिग्नल वहीत येतच नाही. तिथे आजूबाजूच्या रिकाम्या कप्प्यांचा मध्यक घ्यावा.

उंबरठा किती ठेवायचा? दोन मेगाहर्ट्झचे पाच किलोहर्ट्झने चारशे कप्पे होतात. दहा सेकंदांना एक ओळ धरली तर दिवसाला ८,६४० ओळी, म्हणजे ३४ लाख ५६ हजार मोजमापे. लाखात एकदा जरी गोंगाट उंबरठा ओलांडत असला तरी रोज पस्तीसच्या आसपास खोट्या नोंदी होतील. त्यामुळे सुरुवात मध्यकाच्या ८ डेसिबल वर करावी, टर्मिनेटर लावून घेतलेल्या नोंदीवर तो उंबरठा चालवून पाहावा आणि तिथे दिवसाला एखाद-दुसरीच खोटी नोंद उरेपर्यंत तो वाढवावा. घटना, म्हणजे सिग्नल उठल्यापासून बसेपर्यंतची एक नोंद, सुरू होण्याचा उंबरठा ८ डेसिबल असेल तर ती संपण्याचा ५ ठेवावा, नाहीतर सीमेवर डळमळणारा एकच सिग्नल वीस तुकड्यांत मोडतो. शेजारचे कप्पे एकाच वेळी उठले तर ते एकाच घटनेत मिळवावेत. पाच किलोहर्ट्झच्या कप्प्यांत एक एफएम केंद्र चाळीसेक कप्पे व्यापते आणि वहीत ते एकच असले पाहिजे.

ही पद्धत शक्ती मोजते, त्यामुळे जे गोंगाटाखालून जाते ते तिला दिसत नाही. ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लोरा (कमी शक्तीत थोडी माहिती दूरवर पाठवण्याची पद्धत) वापरणारी उपकरणे याचे ठळक उदाहरण आहेत: सर्वांत संथ सेटिंगवर त्यांचा सिग्नल गोंगाटाच्या २० डेसिबल खाली असूनही त्यांच्या रिसीव्हरला वाचता येतो. भारतातील लोरावॅनची (लोरा उपकरणांच्या जाळ्याची) ठरलेली चॅनेले ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ ही आहेत. तिथे आपल्या वहीत शांतता दिसली तर त्याचा अर्थ फक्त 'जवळपास बलवान प्रक्षेपण नव्हते' एवढाच घ्यावा.

वहीत काय असावे

कच्च्या नोंदीची फाइल वरच्या उदाहरणात दिवसाला पंचवीस-तीस मेगाबाइट भरते. ती दाबून जपून ठेवावी, कारण उंबरठा चुकला होता असे महिन्याने लक्षात आले तर घटना पुन्हा काढता येतात. घटनांसाठी वेगळा तक्ता, शक्य तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, ठेवावा. एका घटनेची ओळ वाचायला अशी असावी: मध्य वारंवारता ४३३.९२० मेगाहर्ट्झ, रुंदी ३० किलोहर्ट्झ, सुरुवात १९:१४:०७, शेवट १९:१४:०८, मध्यकाच्या वर १७ डेसिबल, पाहणी क्रमांक १२. त्या पाहणी क्रमांकाखाली दुसऱ्या तक्त्यात ठिकाण, ॲंटेना, गेन, दुरुस्ती, कप्पा, सरासरीचा काळ, उंबरठा आणि पाहणी कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत खरोखर चालू होती हे सर्व असते. हा दुसरा तक्ता नसेल तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही.

वेळ एकाच पद्धतीने लिहावी. भारतीय प्रमाणवेळ चालेल, पण तसे नमूद करावे. रास्पबेरी पायच्या बहुतेक जुन्या मॉडेलांमध्ये स्वतःचे घड्याळ नसते, म्हणून वीज जाऊन आली की इंटरनेट जोडले जाईपर्यंत ते चुकीच्या वेळेने नोंदी करत राहते. घड्याळ जुळल्याची खात्री झाल्यावरच पाहणी सुरू होईल अशी व्यवस्था करावी, किंवा स्वस्तातले घड्याळाचे मॉड्यूल बसवावे.

सगळे जुळून आल्यावर यंत्रणेची परीक्षा घ्यावी. घरातली बिनतारी डोअरबेल किंवा गाडीचा रिमोट बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. हातात घड्याळ घेऊन, दर मिनिटाला एकदा असे वीस वेळा बटण दाबावे, वेळा कागदावर लिहाव्यात आणि मग वहीत त्यांपैकी किती सापडतात ते पाहावे. मग तेच जिन्याच्या खालच्या मजल्यावरून, मग इमारतीच्या फाटकापासून. किती टक्के पकडले गेले तो आकडा पाहणीच्या तक्त्यात लिहावा. ॲंटेना, गेन किंवा सरासरीचा काळ बदलला की ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

अनोळखी सिग्नल सापडला तर आधी वर्ज्य यादी, मग गेन कमी करून पाहणे, मग दुसऱ्या ठिकाणाहून तीच वारंवारता तपासणे, हा क्रम पाळावा. दुसऱ्या जागी तो त्याच वारंवारतेवर असेल तरच तो बाहेरचा समजावा. नॅशनल फ्रिक्वेन्सी ॲलोकेशन प्लॅन या सरकारी दस्तऐवजात तो पट्टा कोणत्या सेवेसाठी राखला आहे हे पाहिले की बहुतेक कोडी सुटतात. विमानांच्या १०८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात किंवा १२१.५ मेगाहर्ट्झ या आपत्कालीन वारंवारतेवर कोणतेही उपकरण सतत गोंगाट करताना दिसले, तर स्वतः शोधमोहीम न काढता दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनला कळवावे. त्या पत्रात वारंवारता, रुंदी, दिनांक आणि वेळा, पाहणीचे ठिकाण, ॲंटेनाचा प्रकार, दुरुस्तीचा आकडा आणि वॉटरफॉलचे एक चित्र जोडावे, आणि टर्मिनेटर लावल्यावर तो सिग्नल नाहीसा होतो हेही लिहावे; तपास करणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो.